चषक कीं घडण? व्हॉलीबॉलच्या इतिहासांतील एक जुना वाद

आमच्या धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या अंकासाठीं आम्हींही कांहीं इतिहासपर मजकूर द्यावा, अशी संपादक मंडळाची इच्छा पडली. देवळाच्या बांधकामाची हकीकत आमच्याहून अधिकारी लेखकांकडे गेली आहे, शाळेची शिक्षकांकडे, गायनवृंदाची त्या वृंदाच्या ज्येष्ठ सभासदांकडे. आमच्या वाट्यास उरलें तें देवळामागचें मैदान. आणि मैदान म्हटलें कीं आमच्याकडे व्हॉलीबॉल. विषय हलका आहे असें कोणास वाटल्यास आम्ही वाद घालणार नाहीं. परंतु गेल्या पावसाळ्यांत याच हलक्या विषयावरून महोत्सव समितीची बैठक रात्रीं साडेदहापर्यंत चालली, आणि तितका वेळ ती नव्या घंटेच्या खर्चावरूनही चालली नव्हती, हें येथें नमूद करणें भाग आहे.

प्रश्न असा होता. महोत्सवी वर्षांत चौदा वर्षांखालील मुलामुलींचे सामने भरवावयाचे, शेजारच्या धर्मग्रामांचे संघ बोलवावयाचे, हें सर्वांस मान्य. पुढें मात्र दोन तट पडले. एक पक्ष म्हणे कीं, सामना म्हणजे सामना. उत्तम सहाजण उभे करावेत, बाकीच्यांनीं टाळ्या वाजवाव्यात, आणि त्या ईर्षेनेंच पुढच्या वर्षीं त्यांनीं सहांत यावें. दुसरा पक्ष म्हणे कीं, वर्षभर रोज सायंकाळीं येणाऱ्या मुलांपैकीं निम्मीं जर बांकावरच बसणार असतील, तर तीं पुढच्या वर्षीं येणारच नाहींत. मग उत्तम सहा निवडावयाचे तरी कोणांतून? दोन्ही पक्षांत मैदानावर खरोखर घाम गाळणारे तरुण होते, नुसते बोलघेवडे कोणी नव्हते. म्हणूनच वाद मिटेना. शेवटीं ‘फादर, तुम्हीच सांगा’ असा चेंडू आमच्याकडे टोलविण्यांत आला. आम्हीं मुदत मागून घेतली आणि या खेळाचा इतिहास वाचूं लागलों. हा लेख म्हणजे त्या मुदतीचा हिशेब समजावा.

अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स राज्यांत होलियोक नांवाचें, एके काळीं कागदाच्या गिरण्यांसाठीं प्रसिद्ध असलेलें गांव आहे. तेथील वाय. एम. सी. ए. संस्थेंत १८९५ सालीं विल्यम मॉर्गन हा पंचवीस वर्षांचा तरुण शारीरिक शिक्षणाचा प्रमुख होता. त्याच संस्थेच्या स्प्रिंगफील्ड येथील विद्यालयांत जेम्स नेस्मिथ यानें १८९१ सालीं बास्केटबॉलचा खेळ काढला होता व तो तरुण मंडळींत भराभर पसरत होता. मॉर्गनकडे मात्र व्यायामास येत ते पुष्कळसे वयस्क व्यापारी. त्यांना ती धांवपळ व धक्काबुक्की झेपेना. म्हणून मॉर्गननें टेनिसचें नेट साडेसहा फूट उंचीवर बांधलें, आणि दोन्ही बाजूंनीं हातांनीं टोलवीत चेंडू हवेंत ठेवावयाचा असा एक खेळ योजिला. बास्केटबॉलचा चेंडू जड पडे, त्याच्या आंतला नुसता फुगा फार हलका. तेव्हां स्पाल्डिंग कंपनीकडून एक निराळा चेंडू करवून घेण्यांत आला. खेळाचें पहिलें नांव मिंटोनेट. पुढच्या वर्षीं स्प्रिंगफील्ड येथें व्यायामशिक्षकांच्या परिषदेपुढें त्याचें प्रात्यक्षिक झालें, तेव्हां पांच पांच जणांच्या दोन संघांपैकीं एकाचे नायक होलियोकचे नगराध्यक्ष होते आणि दुसऱ्याचे तेथील अग्निशामक दलाचे प्रमुख. नगराध्यक्ष व बंबवाले एकमेकांकडे चेंडू टोलवीत असतां पाहून आल्फ्रेड हॅल्स्टेड या गृहस्थांनीं ‘व्हॉली बॉल’ हें नांव सुचविलें, आणि तेंच रूढ झालें.

या जन्मकथेंतील एक गोष्ट आमच्या वादास लागू पडते. मॉर्गनच्या मूळ नियमांत एका बाजूस किती खेळाडू असावेत याला मर्यादाच नव्हती. जितके आले तितके खेळले. ज्या खेळाच्या बांकाविषयीं आम्ही रात्रीं साडेदहापर्यंत भांडलों, त्या खेळास मुळांत बांकच नव्हता!

(ज्या वाय. एम. सी. ए. संस्थेविषयीं रोमेनें १९२० सालीं सर्व बिशपांस सावधगिरीची सूचना पाठविली, तिनेंच काढलेला हा खेळ पुढें आमच्या कॅथलिक देवळांच्या आवारांत जितका रुजला तितका क्वचित् दुसरा रुजला असेल. धर्मज्ञ मंडळींनीं याचा विचार करावा. आम्ही तूर्त नेट बांधावयास जातों.)

पुढें नियम बांधले गेले. १९१२ च्या सुमारास रोटेशन आलें आणि १९१८ सालीं एका बाजूस सहा खेळाडू ही संख्या ठरली. रोटेशन म्हणजे काय हें मुलांना सांगावयास नको. पण हा अंक त्यांच्या आजीआजोबांच्याही हातीं पडणार असल्यामुळें थोडक्यांत सांगतों. तीन गडी पुढें नेटपाशीं, तीन मागें. दुसऱ्या बाजूची सर्व्हिस मोडून ती आपल्याकडे आली कीं, सहाहीजणांनीं घड्याळाच्या कांट्याप्रमाणें एकेक जागा सरकावयाचें. त्यामुळें आतां नेटपाशीं उडी मारून चेंडू हाणणारा थोड्या वेळानें मागच्या कोपऱ्यांत गुडघे वांकवून समोरची सर्व्हिस उचलीत असतो, आणि मागें वांकलेला ठेंगणा गडी नेटपाशीं येतो. क्रिकेटमध्यें यष्टिरक्षक दिवसभर यष्टिरक्षकच असतो. फुटबॉलमध्यें गोल राखणारा गोलांतच उभा. व्हॉलीबॉलनें मात्र प्रत्येकानें प्रत्येक जागीं उभें राहिलेंच पाहिजे अशी सक्ती केली. आम्हांस वाटतें कीं, इतर खेळांत जें काम शिकविणाऱ्याच्या भलेपणावर सोपविलेलें आहे, तें येथें खुद्द नियमानेंच आपल्या अंगावर घेतलें आहे. मुलाला सर्व अंगांनीं घडवा असें हा नियम सांगत नाहीं. तो मुलाचा हात धरून त्याला पुढच्या जागीं नेऊन उभा करतो.

यानंतरचा व्हॉलीबॉलचा पुष्कळसा इतिहास हा या एका नियमांतून पळवाटा काढण्याचा इतिहास आहे.

पहिली मोठी वाट आशियाखंडांत दिसते, आणि तिला पळवाट म्हणणें अन्यायाचें होईल. १९१३ सालीं मनिला येथें अतिपूर्वेकडील देशांचे जे पहिले सामने झाले त्यांत एका बाजूस सोळा सोळा खेळाडू होते. पुढें ही संख्या कमी होत नऊवर स्थिरावली. नऊजणांच्या या खेळांत रोटेशन नाहीं. ज्याची जी जागा ती त्याची. पुढचा पुढें, मागचा मागें. जपानांत हा खेळ कारखान्यांतून व शाळांतून खोलवर रुजला व आजही खेळला जातो. मध्यंतरीं आपल्या देशांत मद्रास येथें एच. सी. बक यांनीं १९२० सालीं वाय. एम. सी. ए. चें शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढलें, व तेथून बाहेर पडलेल्या शिक्षकांच्या हातून हा खेळ गांवोगांव गेला. १९३६ सालीं लाहोर येथें पहिले आंतरप्रांतीय सामने झाले, १९५१ सालीं भारतीय व्हॉलीबॉल महासंघ निघाला. परंतु आमच्या प्रश्नाचा गाभा जपानांत आहे, म्हणून तिकडेच वळूं.

जागतिक सामने सहाजणांचे ठरल्यामुळें जपानास नऊजणांचा खेळ मागें ठेवून सहाजणांचा शिकणें प्राप्त झालें. ओसाका प्रांतांतील काइझुका येथें निचिबो नांवाची कापडाची गिरणी होती. तिच्या स्त्रियांच्या संघाचे शिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. मुली दिवसा गिरणींत नोकरी करीत आणि दुपारनंतर जो सराव सुरू होई तो मध्यरात्रीं किंवा त्याही पुढें संपे. चेंडू उचलावयास अंग झोंकून द्यावयाचें, जमिनीवर कोलांटी घ्यावयाची आणि त्याच वेगांत पुन्हां उभें राहावयाचें, ही त्यांची युक्ति त्या काळीं जगास नवी होती. ती अंगीं मुरेपर्यंत मुलींचे खांदे व कोपर सोलून निघत. १९६२ सालीं मॉस्को येथें त्यांनीं रशियनांस हरवून जगज्जेतेपद मिळविलें. १९६४ सालीं टोकियोच्या ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रथमच आला, आणि २३ ऑक्टोबर रोजीं अंतिम सामन्यांत जपाननें पुन्हां सोव्हिएत संघाचा सरळ तीन डावांत पराभव केला. तो सामना जपानांत शेंकडा ६६.८ घरांतून पाहिला गेला. युद्धांत होरपळलेल्या राष्ट्रास तो विजय काय वाटला असेल याची कल्पना करवते, आणि ती करतांना आमचाही ऊर भरून येतो. हें मुद्दाम लिहितों. जिंकण्यांत कांहीं अर्थ नाहीं असें म्हणणाऱ्यांत आम्ही नाहीं.

परंतु त्या प्रौढ स्त्रिया होत्या. त्यांनीं ती वाट पतकरली, आणि ती कशासाठीं हें त्यांना ठाऊक होतें. पुढें झालें असें कीं, त्या गिरणींतली रीत शाळेच्या अंगणांत उतरली. जिद्द हा शब्द सर्वतोमुखीं झाला, व्हॉलीबॉल खेळणाऱ्या शाळकरी मुलींच्या चित्रकथा निघाल्या, आणि दहा-बारा वर्षांच्या पोरांवर ओरडणारा, प्रसंगीं हात उगारणारा शिक्षक हाच खरा शिक्षक, अशी समजूत पसरली. विजयाची नक्कल करणाऱ्यांस विजय क्वचितच साधतो, पण त्याचा आरडाओरडा मात्र हुबेहूब साधतो.

त्या समजुतीखालीं वाढलेल्यांपैकीं एक नाओमी मासुको. जन्म १९६६ चा. पुढें जपानच्या राष्ट्रीय संघांत नांवाजलेली खेळाडू. म्हणजे त्या रीतीचें यशस्वी फळच म्हणावयाचें. तिनें स्वतःच पुढें सांगितलें आहे कीं, शाळेच्या वयांत शिक्षकांच्या हातचा मार खातखात ती खेळली, आणि इतकें मिळवूनही व्हॉलीबॉल तिला कधीं आवडलाच नाहीं. २०१५ सालीं तिनें फुकुओका प्रांतांत प्राथमिक शाळेच्या मुलांसाठीं एक सामना सुरू केला. त्याचा मुख्य नियम एकच: शिकविणाऱ्यानें रागवावयाचें नाहीं. जो रागवेल त्याला फुलीचें चिन्ह असलेली मुखपट्टी तोंडाला बांधावी लागते. मुलें हें पाहून हंसतात, आणि ज्याच्या तोंडाला ती बांधली जाते तोही बहुधा हंसतो. गुण मांडले जातात, कोणी जिंकतो, कोणी हरतो. त्यांत बदल नाहीं. २०२३ सालीं जपानच्या बालक्रीडा संस्थांच्या राष्ट्रीय संघटनेचें प्रमुखपद याच बाईंकडे आलें. त्याच्या आदल्या वर्षीं त्या देशाच्या ज्यूडो महासंघानें प्राथमिक शाळेच्या मुलांचे वैयक्तिक राष्ट्रीय सामनेच बंद केले होते. कारण दिलें तें जिंकण्याच्या अतिरेकाचें. १९६४ पासून २०२२ पर्यंत अठ्ठावन वर्षें होतात. एवढा काळ त्या शहाण्या राष्ट्रास लागला.

फुलीच्या मुखपट्टीविषयीं वाचलें तेव्हां आम्हीं पुस्तक मिटून ठेवलें. कारण ती मुखपट्टी आमच्याही मापाची आहे. सुमारें पंचवीस वर्षांपूर्वीं, दुसऱ्या एका धर्मग्रामांत साहाय्यक म्हणून असतां, आम्ही मुलांचा संघ चालवीत होतों. शिटी आमच्या गळ्यांत असे आणि आवाज त्याहून मोठा. त्या संघांत एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा होता. तो सर्वांत आधीं येई, पंपानें चेंडूंत हवा भरी, घरून पिशवींतून चुना आणून रेषा आंखी, आणि सर्वांत शेवटीं नेट गुंडाळून साहित्याच्या खोलींत ठेवी. वर्षभरांत आम्हीं त्याला एकाही सामन्यांत उतरविलें नाहीं. उतरवावें असें आमच्या मनांतही आलें नाहीं. त्या वर्षीं चषक आमचा झाला. विजयी संघाचें छायाचित्र काढलें गेलें तेव्हां तो मैदानाच्या पलीकडच्या टोकास नेटच्या गांठी सोडवीत होता, आणि त्यास हांक मारावी हें कोणासच सुचलें नाहीं. पुढच्या मोसमांत तो आला नाहीं. तो आला नाहीं हें आमच्या लक्षांत यावयास तीन आठवडे लागले, आणि तेंही चुना कोणीं आणावयाचा हा प्रश्न निघाला म्हणून.

ही झाली बांकावरच्याची गोष्ट. पण ज्याच्या जोरावर आम्हीं तो चषक मिळविला, त्याचेंही आम्हीं भलें केलें नाहीं. तो उंच, दणकट हाताचा मुलगा होता. नेटपाशीं त्याच्यासारखा शूटर पंचक्रोशींत नव्हता. रोटेशननें तो मागच्या ओळींत गेला कीं, त्याच्या दोन्ही बाजूंच्या मुलांनीं सरकून त्याच्याकडचा चेंडू आपण घ्यावा असा आमचा हुकूम असे. त्यामुळें गुण वांचत. पुढें तो जिल्ह्याच्या निवडीस गेला. तेथें समोरच्यांनीं पहिल्या पांच मिनिटांत त्याचें मर्म ओळखलें, आणि प्रत्येक सर्व्हिस नेमकी त्याच्याच हातांवर टाकली. तो परत आला व आम्हांस कांहीं बोलला नाहीं. नियमानें त्याला मागच्या जागीं नेऊन उभें केलें होतें. आम्हीं हुकमानें त्याला तेथून काढून घेतलें होतें.

हेंच आमच्या हुकमानें केलें तें अमेरिकेंत नियमानें होतें. तेथें १९७२ च्या कायद्यानें शाळा-महाविद्यालयांत मुलींना मुलांच्या बरोबरीनें वाव देणें बंधनकारक झाल्यावर मुलींचा व्हॉलीबॉल झपाट्यानें वाढला, आणि शाळेबाहेर फी देऊन चालणारे क्लब निघाले. बाप पैसे मोजतो, महाविद्यालयाच्या शिष्यवृत्तीवर डोळा असतो, म्हणून क्लबास चषक दाखवावा लागतो. जागतिक नियमांप्रमाणें एका डावांत सहाच बदली खेळाडू घेतां येतात. तेथील देशांतर्गत सामन्यांत बराच काळ बारा चालत, शालेय सामन्यांत त्याहूनही अधिक. परिणाम असा कीं, उंच मुलगी पुढच्या तीन जागा खेळून मागें जावयाच्या वेळीं बाहेर येते व तिच्या जागीं ठेंगणी मुलगी आंत जाते. संघ जिंकतो, पण तेराव्या वर्षीं उंच असलेल्या मुलीस चेंडू उचलतां येत नाहीं, आणि ठेंगणीस तो मारतां येत नाहीं. तेराव्या वर्षीं उंच असलेली पंधराव्या वर्षीं मध्यम निघाली, म्हणजे तिनें करावें काय? १९९८ सालीं जागतिक नियमांतही लिबेरो आला, म्हणजे निराळ्या रंगाचा सदरा घालून केवळ मागच्या ओळींत खेळणारा गडी. मोठ्यांच्या खेळास त्यानें शोभा आणली हें निर्विवाद. लहानांच्या खेळांत तो आणखी एक पळवाट झाला. इतकें असूनही त्याच देशानें लहान मुलांसाठीं नेट खालीं आणलें, चेंडू हलका केला, हें श्रेय त्यास दिलें पाहिजे.

आणि त्याच अमेरिकेच्या कॅलिफोर्निया किनाऱ्यावर याचें उत्तर वाळूंत पडलेलें होतें. कार्च किराय याचा बाप हंगेरीहून आलेला. त्यानें मुलाला वाळूवरच्या दोघांच्या खेळांत घेतलें, आणि अकराव्या वर्षीं बापलेक जोडीनें मोठ्यांच्या स्पर्धेंत उतरले. वाळूवर दोघांच्या खेळांत बदली खेळाडू नसतो; उचलणें, चढविणें, मारणें, अडविणें सर्व दोघांनींच करावयाचें. पोर अर्थात् हरत असे. पुढें १९८४ व १९८८ सालीं सहाजणांच्या खेळांत आणि १९९६ सालीं वाळूवर, अशीं तीन ऑलिंपिक सुवर्णपदकें त्यानें मिळविलीं, आणि २०२१ सालीं टोकियो येथें अमेरिकन स्त्रियांचा शिक्षक म्हणून चौथ्या विजयाचा धनी झाला. त्याच्या खेळाविषयीं जाणते एकच सांगतात कीं, त्याला न येणारें असें कांहीं नव्हतें.

आपल्याकडील जिमी जॉर्ज याची आठवण येथें सहज होते. केरळांत कण्णूर जिल्ह्यांतील पेरावूरचा हा मुलगा. आठ भाऊ, आठहीजण व्हॉलीबॉल खेळणारे, बापानेंच शिकविलेले. भावांचाच एक संघ होऊन तो सामने खेळे. आठांतून सहा उभे करावयाचे म्हणजे बाहेर राहावयाचे दोघेच, आणि तेही रात्रीं एकाच ताटाभोवतीं जेवावयास बसणारे. कोणास किती वेळ बाहेर ठेवावें याला तेथें आपोआपच लगाम बसत असला पाहिजे. जिमीस १९७६ सालीं अर्जुन पुरस्कार मिळाला, १९८६ सालीं सोल येथील आशियाई सामन्यांत कांस्यपदक मिळविणाऱ्या भारतीय संघांत तो होता, आणि १९८७ च्या नोव्हेंबरांत इटलींत मोटारीच्या अपघातांत वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं तो वारला.

समितीच्या बैठकीस खरा उपयोग झाला तो हॉलंड देशाचा. त्या देशास जिंकणें आवडत नाहीं असें कोणी म्हणूं नये. ऐंशीच्या दशकांत तेथील निवडक पुरुष खेळाडूंनीं आपआपले क्लब सोडून आरी सेलिंगर यांच्या हाताखालीं पूर्ण वेळ सराव आरंभिला, केवळ ऑलिंपिकसाठीं. १९९२ सालीं रौप्यपदक, आणि १९९६ सालीं अटलांटा येथें इटलीविरुद्ध पांचव्या डावांत १७-१५ अशा गुणांनीं सुवर्णपदक. याहून निष्ठुर जिंकणें तें काय असावयाचें? पण त्याच देशानें लहान मुलांसाठीं जो खेळ बसविला आहे त्यांत चार चारजण असतात, आणि त्याच्या सहा पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर चेंडू फक्त फेंकावयाचा व झेलावयाचा. चेंडू नेटपलीकडे गेला कीं, फेंकणाऱ्या बाजूच्या सर्वांनीं एकेक जागा फिरावयाचें. रोटेशनसाठीं सर्व्हिसची वाटसुद्धां पाहावयाची नाहीं. ज्याच्या हातून चेंडू सुटला तो बाहेर जातो. येथवर आपल्या मुलांच्या कोणत्याही खेळासारखेंच. परंतु आंत राहिलेल्यानें नीट झेल घेतला म्हणजे बाहेर गेलेला परत आंत येतो.

हा नियम आम्हीं बैठकींत दोनदां वाचून दाखविला. दुसऱ्या वेळीं ‘उत्तम सहा’ पक्षाचा पुढारी, जो आमच्याकडील मुलांना गेलीं सात वर्षें फुकट शिकवीत आहे, तो म्हणाला, ‘म्हणजे जिंकावयाचें असेल तर बाहेरच्याला आंत आणलाच पाहिजे.’ आम्हांस जें सांगावयाचें होतें तें त्यानें आमच्यापेक्षां थोडक्यांत सांगितलें. तोंवर सर्वजण असें धरून बोलत होते कीं, चषक एका पारड्यांत आणि मुलांची घडण दुसऱ्या पारड्यांत. एक वर गेलें कीं दुसरें खालीं जाणार. मॉर्गनच्या मागून आलेल्या नियमकर्त्यांनीं रोटेशन घातलें तेव्हां त्यांनीं हीं दोन पारडीं एकाच दोरीनें बांधलीं होतीं. ती दोरी पुढें मोठ्यांच्या सोयीसाठीं ढिली होत गेली. मुलांच्या खेळांत ती पुन्हां आंवळावयाची असेल, तर शिकविणाऱ्यांस उपदेश करून भागणार नाहीं. सामन्याचा नियमच बदलावा लागेल. आमच्यासारख्यांच्या भलेपणावर तें सोडल्यास काय होतें हें वर लिहिलेंच आहे.

तेव्हां महोत्सवी सामन्यांचे नियम समितीनें एकमतानें ठरविले ते असे. प्रत्येक संघांत बाराजण. पहिला डाव पहिल्या सहांनीं खेळावयाचा, दुसरा दुसऱ्या सहांनीं, आणि दोन्ही डावांचें मोल सारखें. तिसरा डाव लागल्यास बारांतून वाटेल ते सहा उभे करावेत. तेथें उत्तम सहांचा हक्क आम्हीं अबाधित ठेवला आहे. लिबेरो नाहीं. दुखापत झाल्यावांचून बदली नाहीं. रोटेशन पुरें पाळावयाचें, आणि मागच्या ओळींतला आपली जागा सोडून दुसऱ्याचा चेंडू वरचेवर पळवूं लागल्यास पंचांनीं समज द्यावी. या शेवटच्या कलमास जागतिक नियमांत आधार नाहीं हें आम्ही जाणतों, पण तें आमच्या आग्रहावरून घातलें गेलें आणि त्याचें कारण कोणी विचारलें नाहीं. फुलीच्या मुखपट्टीचा ठराव हंशांत नामंजूर झाला. तरी महिला मंडळानें तीन शिवून ठेवल्या आहेत अशी खबर आहे.

अडचणी आहेतच. हे नियम कळतांच आमच्याकडील दोन चांगले मुलगे शहरांतील एका क्लबाकडे जाण्याच्या विचारांत आहेत, आणि त्यांच्या वडिलांशीं बोलून आम्हांस यश आलेलें नाहीं. त्यांना आम्ही दोष देत नाहीं. बाराव्या वर्षीं ज्याला आपण उत्तम आहों हें कळलें आहे, त्यास दुसऱ्या सहांच्या डावांत बाजूस उभें राहून टाळ्या वाजवावयास सांगणें सोपें नाहीं. तसें सांगण्याची वेळ आम्हांवर पूर्वीं कधीं आली नव्हती. टाळ्या वाजविणारे ठरलेले असत.

बोलावणीं धाडलेल्या धर्मग्रामांपैकीं दोघांनीं होकार कळविला आहे. तिसऱ्याकडून उत्तर आलें कीं, येण्याची इच्छा आहे, पण आमच्याकडे बाराजण नाहींत, आठच आहेत. त्यांस आम्हीं लिहिलें आहे कीं, आठ घेऊन या, आमचे चौघे तुमच्या बाजूनें खेळतील. हा मजकूर छापखान्यांत जाईपर्यंत त्यावर त्यांचें उत्तर आलेलें नाहीं; मात्र त्या चौघांत आपली निवड व्हावी म्हणून आमच्याकडे आतांपर्यंत सातजण येऊन गेले आहेत.